चंद्राची माती येईल; ती वाचणारे कुठे बसतील?

२५ ऑगस्ट १८६५ रोजी गया जिल्ह्यातील शेरघाटी या गावाजवळ आकाशातून एक दगड पडला. वजन सुमारे पाच किलो. लोकांनी तो पडताना पाहिला आणि लगेच उचलूनही आणला. पुढे त्याचे तुकडे युरोपातील प्रयोगशाळांत पोहोचले. व्हिएन्नाचे खनिजशास्त्रज्ञ गुस्ताव चेरमाक यांनी १८७२ मध्ये त्यातील काचेसारख्या एका घटकाचे वर्णन केले आणि ब्रिटिश म्युझियममधील मॅस्केलिन यांच्या नावावरून त्याला मॅस्केलिनाइट म्हटले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे गेली. १९८०च्या दशकात याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका अशनीत अडकून राहिलेला वायू व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला. बिहारच्या मातीत पडलेला तो दगड मंगळाचा होता हे तेव्हा उमगले. मंगळावरून आलेल्या अशनींच्या सर्वांत मोठ्या गटाला आज जगभर ‘शेरगोटाइट’ म्हणतात, ते या गावामुळे.

नोकरीच्या आरंभीच्या काळात मी त्या भागात दोन वर्षे काढली. जमिनीचे वाद, कायदा-सुव्यवस्था, निवडणुका यांत दिवस जात. इतिहासाचा विद्यार्थी असल्याने गावावरून जाणाऱ्या ग्रँड ट्रंक रस्त्याविषयी मी पाहुण्यांना तासभर ऐकवू शकत असे. या दगडाविषयी मात्र मला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी एका रेल्वेप्रवासात शेजारी बसलेल्या भूवैज्ञानिकाने माझ्या नेमणुकांची यादी ऐकता ऐकता मध्येच थांबवून विचारले, “म्हणजे तुम्ही शेरघाटीत होतात?” त्यांच्या स्वरातला हेवा मला आजही आठवतो.

हे सगळे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ साठी २,१०४.०६ कोटी रुपये आणि शुक्राभोवती फिरणाऱ्या यानासाठी १,२३६ कोटी रुपये मंजूर केले. चांद्रयान-४ चंद्रावरची माती आणि खडक घेऊन परतणार आहे. १८६५ मध्ये दगड आपल्याकडे आपोआप आला आणि तो वाचणारे परदेशात होते. आता आपण स्वतः खर्च करून दगड आणणार आहोत. तेव्हा तो वाचणारे कुठे असतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. अस्वस्थतेमागे एक वैयक्तिक कारण आहे, त्याकडे येतोच.

आधी आपल्या जमेच्या बाजूकडे पाहू. हे विज्ञान आपल्याकडे कालपरवा उगवलेले नाही. विक्रम साराभाई यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला तीन महिने होतात न होतात तोच, अहमदाबादला भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्राच्या मातीचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासले होते. विश्वकिरणांनी खनिजांच्या कणांत सोडलेल्या सूक्ष्म रेषा मोजून ती माती किती काळ उघड्यावर पडून होती, किती ढवळली गेली, याचा हिशेब हा गट मांडत असे. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि त्यांच्या गटातील अनेकजण तिकडे गेले. जितेंद्रनाथ गोस्वामी याच परंपरेतले. २००८ मध्ये चांद्रयान-१ निघाले तेव्हा त्या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ तेच होते.

चांद्रयान-३चा रोव्हर ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण भागात सुमारे शंभर मीटर चालला आणि त्याने तेवीस ठिकाणी मातीतील मूलद्रव्ये मोजली. ते उपकरण अहमदाबादच्याच प्रयोगशाळेने बनवले होते. वर्षभरात संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला. एके काळी चंद्र वितळलेल्या खडकाच्या समुद्राने वेढलेला होता, या कल्पनेला त्या मोजणीने बळ दिले. उपकरण आपले, यान आपले, अर्थही आपणच लावला. अशी उदाहरणे आणखी हवीत, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

बावीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला आज या क्षेत्रात शिरणे फारसे अवघड नाही. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत जे पाच विषय आहेत, त्यांतील एकाचे नावच ‘पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रहविज्ञान’ असे आहे. उत्तीर्ण होऊन फेलोशिप मिळाली तर दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. तिरुअनंतपुरमची अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, कानपूरच्या आयआयटीत अवकाश, ग्रह आणि खगोल विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, भुवनेश्वरच्या नायसरमध्ये पृथ्वी व ग्रहविज्ञानाची शाखा आहे. चांद्रयान-२चे ऑर्बिटर आजही चंद्राभोवती फिरत आहे. त्याची निरीक्षणे बंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील इस्रोच्या केंद्रात साठवली जातात आणि कुणालाही नोंदणी करून मिळवता येतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात बसून, एका बऱ्या संगणकावर, चंद्राच्या विवरांवर पीएच.डी. करता येते. ही सोय अमेरिकेतील विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सोयीपेक्षा कमी नाही. विवरेच अभ्यासायची असतील तर महाराष्ट्रातील वाचकांना लोणार सांगायला नको. बेसाल्टमध्ये, म्हणजे चंद्र आणि मंगळावर मुबलक असलेल्या जातीच्या खडकात, आघाताने बनलेली आणि टिकून राहिलेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. लोणार त्यांतले प्रमुख.

दार उघडे आहे, पहिल्या दोन खोल्याही नीट लावलेल्या आहेत. तिसरी खोली मात्र बांधलेलीच नाही.

पीएच.डी. पाच-सहा वर्षांनी संपते. मग ह्यूस्टन, बर्न किंवा टोकियो अशा ठिकाणी तीन-चार वर्षे पोस्ट-डॉक. पस्तिशीच्या आसपास हा माणूस परत येऊ पाहतो. इन्स्पायर किंवा रामानुजन फेलोशिप मिळाली तर पाच वर्षांची सोय होते. पण ती पाच वर्षांचीच, कायम पद नव्हे. इस्रोची मोठी भरती प्रामुख्याने अभियंत्यांची असते, आणि त्यात गैर काही नाही, कारण यान बनवायला अभियंतेच लागतात. अहमदाबादच्या प्रयोगशाळेत जागा मोजक्या. उरते विद्यापीठ.

आता ते वैयक्तिक कारण. निवृत्तीला काही महिने उरले असताना एका राज्य विद्यापीठाच्या निवड समितीवर मी शासनाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो. भूविज्ञान विभागातील सहायक प्राध्यापकाचे एक पद. उमेदवारांत एक तरुण महिला होती. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात, पीएच.डी. अशनींच्या वयोमापनावर, त्यानंतर चार वर्षे परदेशातील नामांकित प्रयोगशाळेत. निबंधांची यादी सर्वांत भरभक्कम तिचीच. छाननीच्या टिपणात मात्र तिच्या नावापुढे शेरा होता: पदव्युत्तर पदवी संबंधित विषयात नाही. तिला मुलाखतीला अटीवर बोलावले होते. अध्यक्षांनी सौम्यपणे तिला सुचवले की भौतिकशास्त्र विभागात प्रयत्न करावा. ती म्हणाली, “सर, तिथे मागच्या वर्षी गेले होते. त्यांनी सांगितले, हा विषय भूविज्ञानाचा आहे.” समितीत कुणीतरी हसले. पद दुसऱ्या उमेदवाराला गेले. तोही पात्र होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. टिपणावर सर्वांनी सह्या केल्या. तिसरी सही माझी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत पदव्युत्तर पदवी ‘संबंधित, सुसंगत किंवा संलग्न’ विषयातील असावी असे शब्द आहेत. तिसरा शब्द अशाच उमेदवारांसाठी उपयोगी पडू शकला असता. मी तो त्या दिवशी वाचला होता. पण न्यायालयात कुणी आव्हान दिले तर उत्तर कोण देणार, ही भीती आमच्या सेवेत नियमापेक्षा मोठी असते. ‘संलग्न’ म्हणजे कोणते विषय याची यादी नसेल, तर अधिकारी सर्वांत अरुंद अर्थ घेतो; त्याची चौकशी कधी होत नाही. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये मांडलेल्या मसुद्यात पीएच.डी.च्या किंवा नेटच्या विषयाच्या आधारे शिकवण्याची मुभा सुचवली होती. त्या मसुद्यावर गदारोळ झाला तो मुख्यतः कुलगुरू निवडीच्या कलमांमुळे. त्या गोंगाटात या कलमाकडे फारसे कुणी पाहिले नाही.

नियम बदलला तरी दुसरे कोडे उरते, आणि ते मला अधिक चिवट वाटते. विद्यापीठात पद मंजूर होते ते कार्यभारावर, म्हणजे आठवड्याला किती तासिका भरतात त्यावर. ग्रहविज्ञानाचा अभ्यासक्रम नाही म्हणून तासिका नाहीत, तासिका नाहीत म्हणून पद नाही, पद नाही म्हणून अभ्यासक्रम सुरू करायला माणूस नाही. एखाद्या उत्साही कुलगुरूंनी हे चक्र मोडायचे ठरवले, तर आकृतिबंधात नवे पद घालण्याचा प्रस्ताव वित्त विभागाकडे जातो. मी स्वतः त्या विभागात बसलो आहे. ‘विद्यमान मंजूर पदांतून भागवावे’ हे वाक्य माझ्याही हाताने किती फायलींवर गेले असेल, ते मोजायला नको.

अमेरिकेत याचे वळण वेगळे पडले. ॲरिझोना विद्यापीठात जेरार्ड कायपर यांनी १९६० मध्ये चंद्र आणि ग्रहांची प्रयोगशाळा काढली, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या नऊ वर्षे आधी. मोहिमा आल्या तेव्हा विभाग, प्राध्यापक आणि विद्यार्थी जागेवर होते. आपल्या चांद्रयान-१वरून नासाच्या ज्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा टिपल्या, त्याच्या प्रमुख कार्ली पीटर्स या ब्राऊन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागातल्या. त्यात भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग होता आणि तो मानाचा होता. पण विद्यापीठाच्या वर्गात शिकवणारी व्यक्ती मोहिमेच्या उपकरणाची प्रमुख असणे, हे चित्र आपल्याकडे दुर्मीळ आहे.

आणलेल्या नमुन्यांचा हिशेब तर पिढ्यांचा असतो. अपोलोने एकूण ३८२ किलो माती-खडक आणले. १९७२ मध्ये चंद्रावर बंद केलेली एक नळी नासाने २०२२ मध्ये उघडली. उघडणाऱ्यांपैकी काहीजण ती भरली तेव्हा जन्मलेलेही नव्हते. चीनने चांग-ई-५ मधून १,७३१ ग्रॅम आणि चांग-ई-६ मधून चंद्राच्या मागील बाजूचे १,९३५ ग्रॅम आणले, आणि ते नमुने अर्ज मागवून संशोधक गटांना वाटले जातात. आपल्याकडे असे अर्ज मागवले गेले, तर ते किती विद्यापीठांतून येतील?

माझी सूचना साधी आहे आणि पैशाच्या भाषेत आहे. चांद्रयान-४च्या मंजूर रकमेचा एक टक्का म्हणजे सुमारे २१ कोटी. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरून महिना लाखभर म्हटले तर एका पदाला वर्षाला बारा लाख लागतात. वेतनवाढी आणि महागाई भत्त्याची वाढ धरूनही २१ कोटींत दहा पदे दहा-बारा वर्षे सहज चालतील. अवकाश विभागाने ही पदे निवडक राज्य व केंद्रीय विद्यापीठांना द्यावीत. अट एवढीच की मुदत संपल्यावर विद्यापीठाने ती आपल्या आकृतिबंधात घ्यावीत आणि तोवर किमान एक अभ्यासक्रम उभा राहावा. उपकरणांसाठी अहमदाबादची दारे या प्राध्यापकांना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना खुली असावीत, कारण अणूंच्या वस्तुमानाचे सूक्ष्म मापन करणारे यंत्र प्रत्येक विद्यापीठात नेणे परवडणारे नाही. पाच विद्यापीठांत प्रत्येकी दोन माणसे, एक भौतिकशास्त्रातून आलेला आणि एक भूविज्ञानातून, एवढ्यानेही सुरुवात होईल. यावर आक्षेप येईल की अवकाश विभागाचे काम विद्यापीठे चालवणे नव्हे. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तिरुअनंतपुरमची संस्था २००७ मध्ये याच विभागाने काढली होती, कारण त्याला अभियंते हवे होते. गरज पटली की नियमांत जागा सापडते, हे मी सेवेत अनेकदा पाहिले आहे.

गेल्या महिन्यात एका परिचितांचा मुलगा भेटायला आला. बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. त्याला ग्रहविज्ञानात जायचे होते आणि वडिलांना माझ्याकडून ‘व्यवहारी सल्ला’ हवा होता. मी त्याला जे ठाऊक होते ते सांगितले: गणित सोडू नकोस, खडक हातात घेऊन ओळखायला शीक, इस्रोची उघडी निरीक्षणे आतापासूनच उतरवून पाहा, नेट दे, आणि ज्यांच्याकडे स्वतःचे उपकरण आहे असा मार्गदर्शक निवड. त्याने सगळे वहीत लिहून घेतले. मग विचारले, एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करू की भूविज्ञानात? विज्ञानाच्या दृष्टीने त्याची ओढ भौतिकशास्त्राकडे होती, हे त्याच्या बोलण्यातून स्पष्ट होते. मी त्याला सांगितले, प्रवेश घेण्याआधी गेल्या दोन वर्षांतील सहायक प्राध्यापक पदांच्या जाहिराती जमव आणि पात्रतेच्या रकान्यात कोणता शब्द छापलेला आहे ते मोज.