‘पेट्रिकोर’ : एका वासाचे बारसे

उन्हाळाभर तापलेल्या जमिनीवर वळवाची पहिली सर पडली की एक वास दरवळतो. मराठीत आपण त्याला ‘मृद्गंध’ म्हणतो. म्हणजे मातीचा वास. पण हा वास केवळ मातीचाच असतो काय? कोरड्या दगडांवर पाऊस पडला तरी तो येतो! नेमक्या ह्याच शंकेतून इंग्रजीत एक नवा शब्द जन्माला आला.

पूर्वी शास्त्रज्ञ ह्या वासाला ‘चिकणमातीचा वास’ म्हणत. ऑस्ट्रेलियातील इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी उष्ण, कोरड्या हवेत राहिलेले खडक घेतले व त्यांमधून वाफ सोडली. त्या वाफेबरोबर पिवळसर तेल बाहेर आले आणि त्यालाच तो वास होता. नाना प्रकारच्या खडकांतून असे तेल मिळाले. मग ‘चिकणमातीचा वास’ हे नाव दिशाभूल करणारेच ठरले. म्हणून १९६४ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात त्यांनी नवे नाव सुचविले : ‘पेट्रिकोर’.

ह्या शब्दाचे दोन तुकडे पाहा. ग्रीक भाषेत ‘पेट्रा’ म्हणजे खडक. ‘पेट्रोलियम’ म्हणजे खडकतेल, हे तुम्हांला ठाऊक असेलच. दुसरा तुकडा ‘इकोर’. होमरच्या ‘इलियड’ काव्यात देवांच्या अंगातून रक्ताऐवजी जो द्रव वाहतो, तो इकोर. पुढे वैद्यकात मात्र जखमेतून झरणाऱ्या पातळ स्रावाला हेच नाव मिळाले. देवांच्या शरीरातून शब्द थेट जखमेत उतरला! बेअर व थॉमस यांनी त्याला पुन्हा वर काढले आणि ‘खडकाचे सूक्ष्म सत्त्व’ अशा अर्थाने वापरले.

हे सत्त्व आपल्याकडील कारागिरांना आधीपासून परिचित होते. उत्तर प्रदेशात, कनौज येथे, भाजलेल्या मातीच्या चकत्या पाण्यात उकळून त्यांची वाफ परंपरेने चंदनाच्या तेलात उतरवितात. तेच ‘मिट्टीचे अत्तर’.

नाव ठेवताना दोघांनी एक सावधगिरी बाळगली होती. पेट्रिकोर म्हणजे एकच ठरावीक रसायन असे समजू नये, हे त्यांनी स्पष्ट केले होते. ही सावधगिरी योग्य होती. १९६५ साली गर्बर व लेशव्हालिए ह्या शास्त्रज्ञांनी मातीतील सूक्ष्मजीवांपासून ‘जिऑस्मिन’ हे संयुग वेगळे केले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थही ‘मातीचा वास’ असाच होतो. ओल्या मातीच्या वासात ह्या संयुगाचा मोठा वाटा असतो. आपले नाक ते अब्जांशाहूनही कमी प्रमाणात ओळखते. विजा चमकत असल्या तर ओझोनचा तिखट वासही त्यात मिसळतो.

आज मात्र पावसानंतरचा कोणताही सुगंध म्हणजे पेट्रिकोर, असा अर्थ रूढ झाला आहे. खडकाचे तेल, सूक्ष्मजीवांचे जिऑस्मिन, विजेचा ओझोन, सारे एकाच नावाखाली गेले. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. पण विज्ञानात नाव मिळाले म्हणजे उत्तर मिळाले असे नव्हे. ‘चिकणमातीचा वास’ ह्या नावावर समाधान मानले असते, तर ते पिवळसर तेल कोणी शोधले असते?

तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. दोन बशांत सारखी कोरडी माती घ्या. एकीवर पाण्याचे थेंब टाका, दुसरीवर पाणी एकदम ओता. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले, की थेंब आदळताच त्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात व ते फुटून अतिसूक्ष्म तुषार वर उडतात. वास कोणत्या बशीचा अधिक आला? मग माती बदला, वाळू घ्या, विटेचा तुकडा घ्या. वहीत नोंद करा आणि मगच ठरवा, ‘मृद्गंध’ हे नाव कोठवर खरे!