'करुणाशील मित्र' : एका शोकसंस्थेचा उगम

वसतिगृहाच्या शाळेत मृत्यूची वार्ता बहुधा दूरध्वनीवरून येते. मुलाला घाईने गावी पाठविले जाते. जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, की काही दिवसांनी ते परत येते आणि पूर्वीच्याच बाकावर बसते. त्यानंतर त्याच्याशी काय बोलावे, हे आम्हा शिक्षकांना व गृहपालांना कोणी शिकविलेले नसते. म्हणूनच इंग्लंडमधील एका संस्थेच्या जन्माची हकिकत या स्मरणिकेत देणे आम्हांस उचित वाटले.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावाने होरपळलेले आणि मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले कॉव्हेंट्री हे तेथील शहर. 1968 साली तेथील एकाच रुग्णालयात दोन शाळकरी मुलांचा थोड्या दिवसांच्या अंतराने मृत्यू झाला. केनेथ लॉली याला शाळेत जाताना वाहनाची धडक बसली होती. बिली हेंडरसन कर्करोगाने आजारी होता. दोन्ही कुटुंबांना धीर देण्याचे काम सायमन स्टीफन्स या तरुण धर्मोपदेशकाकडे होते. लॉली दांपत्याने बिलीसाठी फुले पाठविली. त्यातून ओळख झाली व चहाच्या निमित्ताने भेटी सुरू झाल्या. या भेटींत ते आपापल्या मुलांविषयी मोकळेपणाने बोलत, त्यांची नावे घेत, रडत. इतर नातलग व शेजारी हा विषय टाळीत असत. त्यात दुष्टपणा नव्हता. दुःख उकरले जाईल ही भीती असे. परंतु ज्याचे मूल गेले, त्याला त्या मुलाचे नाव कोणी न घेणे हाच दुसरा मृत्यू वाटतो.

स्टीफन्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती मान्य करण्याइतकी नम्रता त्यांच्यापाशी होती. आपल्या उपदेशाने जे साधले नाही, ते या दोन दांपत्यांनी एकमेकांसाठी साधले होते. 28 जानेवारी 1969 रोजी त्याच रुग्णालयात पहिली बैठक भरली. दोन्ही दांपत्ये, अपत्य गमावलेली आणखी एक माता व स्वतः स्टीफन्स, अशी अवघी सहा माणसे होती. संस्थेचे नाव ठरले 'कम्पॅशनेट फ्रेंड्स', म्हणजे करुणाशील मित्र.

हे वाचताना आपल्या वाचकांना किसा गोतमीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. तिची कथा आपण बहुधा अनित्यतेचा पाठ म्हणून सांगतो. आमच्या मते तिचा एक भाग दुर्लक्षित राहतो. तथागतांनी तिला केवळ उपदेश करून परत पाठविले नाही. मोहरीसाठी दारोदार धाडले. प्रत्येक उंबऱ्यावर तिला कोणाच्या तरी मृत्यूची गोष्ट ऐकावी लागली, आणि मग ती मृत बाळाला खाली ठेवू शकली. कॉव्हेंट्रीच्या मंडळींना ही कथा ठाऊक होती की नाही, हा मुद्दा येथे गौण आहे.

पुढे संस्था वाढली. 1972 मध्ये अमेरिकेत पहिली शाखा निघाली. कालांतराने भावंडे व आजी-आजोबा यांनाही तिच्यात स्थान मिळाले. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सात वाजता, आपापल्या स्थानिक वेळेनुसार, देशोदेशी मृत मुलांच्या स्मरणार्थ मेणबत्त्या लावल्या जातात. पैसा, इमारत, तज्ज्ञ यांपैकी काहीही आरंभी नव्हते, ही बाब आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. अर्थात, झोप व अन्न सुटलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. समदुःखी मित्र हा त्याला पर्याय नव्हे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांतही शालेय वयातच आई वा वडील गमावलेले अनेक जण आहेत. मेळाव्यात ते शिष्यवृत्ती, नोकरी, स्पर्धा परीक्षा यांविषयी बोलतात. त्या वर्षाविषयी क्वचितच. त्यांच्यापैकी जे महिन्यातील एका रविवारी वसतिगृहात येऊन अशा मुलांसोबत बसू इच्छितात, त्यांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. भाषणाची तयारी करून येण्याची आवश्यकता नाही.