खाडीतली जुनी मोटरबोट घेताय? रंग नको, आधी इंजिन बघा

जुनी मोटरबोट, नवा रंग, किंमत निम्मी. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या खाडीकिनारी असा सौदा समोर आला तर मोह होणारच. पण ही बोट इतकी वर्षं कुठल्या पाण्यात उभी होती, हा प्रश्न आधी विचारा.

खाडीचं पाणी खारं असतं का?
हो. उल्हास नदीत भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीत हे प्रमाण पावसाळ्यात घटतं, उन्हाळ्यात वाढतं.

मीठ नेमकं काय करतं?
आउटबोर्ड इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचंच पाणी आत ओढतं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुतलं नाही, तर नळ्यांमध्ये मीठ साचतं, पाण्याची वाट अरुंद होते आणि इंजिन तापतं.

दुसरा धोका वेगळा आहे. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यातला एक धातू झिजतो. इंजिन वाचावं म्हणून त्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवतात. आधी तो झिजतो. तो पूर्ण संपलेला असेल तर पुढची झीज इंजिनाच्या धातूची झाली, असं समजा.

पैसे देण्याआधी काय तपासाल?

• इंजिन थंड असताना, तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन खोड लपवतं.
• इंजिनातून पाण्याची बारीक धार सलग पडते का? धार मंद असेल तर पाण्याचा पंप किंवा नळी तपासून घ्या.
• गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.
• वायरींची टोकं हिरवी पडली आहेत का?
• इंजिन बसवलेली मागची फळी हलवून बघा. फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं.
• बोट पाण्याबाहेर काढून तळ बघा. फोड दिसले किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला तर सावध व्हा.

कागदपत्रं?
अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ नुसार यांत्रिक बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. राज्यात ही कामं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहेत. कागदावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवून पाहा आणि बोट तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

एवढी खटपट कशाला?
गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडलं तर बोट पाणी नेईल तिकडे जाते. म्हणून ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. त्याची एका दिवसाची मजुरी नव्या इंजिनापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल.