विश्लेषण : कायदा राज्याचा, भुर्दंड गावाला? न्यू जर्सीत हा वाद कसा मिटतो?

राज्य सरकार कायदा करते. पण तो राबवण्याचा खर्च नगरपालिकेच्या किंवा शाळा मंडळाच्या माथी येतो. अखेर भार पडतो मालमत्ता करावर. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने यावर तोडगा म्हणून १९९५ मध्ये थेट राज्यघटनाच दुरुस्त केली.

तक्रार कुठे करायची?
‘कौन्सिल ऑन लोकल मँडेट्स’ या नऊ सदस्यांच्या परिषदेकडे. निधी न देता सक्ती केल्याचे सिद्ध झाल्यास ती तरतूद बंधनकारक राहत नाही. परिषद भरपाई मात्र देत नाही. तिच्या निर्णयाला न्यायालयात आव्हानही देता येत नाही.

आतापर्यंत काय घडले?
शाळांतील दादागिरी रोखणाऱ्या कायद्याविरोधात अलामुचीचे शाळा मंडळ परिषदेकडे गेले. जानेवारी २०१२ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. कायदा वाचवण्यासाठी राज्याला मार्चमध्ये १० लाख डॉलरची तरतूद करावी लागली. पोलिसांच्या नव्या गस्ती गाड्यांत कॅमेरे सक्तीचे करणारा कायदाही २०१६ मध्ये डेप्टफर्डच्या तक्रारीनंतर अडला. मद्यपी चालकांकडून घेतला जाणारा २५ डॉलरचा अधिभार या खर्चाला अपुरा ठरला.

पळवाटा आहेत का?
आहेत. केंद्रीय कायद्याच्या पूर्ततेसाठी केलेली सक्ती परिषदेच्या कक्षेबाहेर आहे. खर्चाचा अंदाज मांडून दोन्ही सभागृहांनी तीन-चतुर्थांश बहुमताने मंजूर केलेल्या कायद्यालाही सूट मिळते.

थोडक्यात, कायदा चांगला की वाईट, हे परिषद ठरवत नाही. त्याचे पैसे कोण देणार, एवढेच पाहते.