गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच का हवा?

थंडीच्या दिवसांत एक बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर येत नाही, हाक मारली तर उत्तर नाही, शेवटी दार तोडावे लागते. घरचे म्हणतात, हार्ट अटॅक आला असेल. कुणी म्हणते, चक्कर येऊन डोक्याला लागले. कुणी बाहेरच्या बाधेपर्यंतही जाते. भिंतीवरच्या गॅस गिझरकडे मात्र फार उशिरा लक्ष जाते.

जानेवारी २०२० मध्ये मुंबईतील बोरिवलीत १५ वर्षांची मुलगी अशीच बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली आणि पुढे दगावली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला होळी खेळून आलेले पती-पत्नी बाथरूममध्ये मृतावस्थेत आढळले. तिथेही पहिला संशय गिझरच्या वायूवर होता. या बातम्या मुंबईच्या असल्या तरी तोच गिझर आज धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंबच्या वस्त्यांतही आहे. कारण समजण्यासारखे आहे. लाकूडफाटा मिळत नाही, वीज ऐन सकाळी जाते आणि गॅस गिझर दोन मिनिटांत गरम पाणी देतो. म्हणून गिझर वापरू नका, असे सांगण्यात अर्थ नाही. तो कुठे बसवायचा, हे मात्र सांगायलाच हवे.

घर बदलले, झरोका गेला

आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत धूर जायला छताला झरोका असायचा. पाणी तापायचे ते अंगणातल्या चुलीवर, नाहीतर बंबात. बंबाच्या मधोमध नळी असते; तिच्यातून धूर वर निघून जातो आणि खालच्या जाळीतून ताजी हवा आत येते. म्हणजे जाळाला हवा कुठून येणार आणि धूर कुठे जाणार, या दोन्ही प्रश्नांची सोय त्या भांड्यातच होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात दगड-मातीची जड छपरे माणसांवर कोसळली. त्यानंतर स्लॅबची घरे आली, पुढे घरकुल योजनांतूनही पक्की घरे झाली. हे चांगलेच झाले. घरात बाथरूम येणे ही तर आपल्या माय-बहिणींसाठी मोठी गोष्ट होती. साडीच्या आडोशाला, अंधार असताना आंघोळ उरकण्याची वेळ टळली. पण वस्तीत घरे एकमेकांना खेटून. बाथरूमची खिडकी गल्लीत उघडते, म्हणून तिला पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावले जाते. थंडीत तर नक्कीच. मग त्याच बंद खोलीत गॅस गिझर बसतो. बंबाला होती तशी धूर बाहेर नेणारी नळी या छोट्या गिझरला बहुतेक वेळा नसते. जळलेला वायू तो खोलीतच सोडतो.

हवेचा हिशेब

एक साधा हिशेब मांडून पाहू. मिनिटाला सहा लिटर गरम पाणी देणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर मिनिटाला साधारण १५ ग्रॅम गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे २०० लिटर हवा लागते. चार फूट बाय पाच फूट, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा असते साधारण ४,५०० लिटर.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. बाथरूम पूर्ण बंद असेल, तर तो तीन-चार मिनिटांत १८ टक्क्यांवर येतो. दाराच्या फटीतून थोडी हवा येत असल्याने प्रत्यक्षात वेळ जास्त लागेल, पण दिशा तीच. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. घरात तिघे-चौघे एकामागून एक आंघोळ करणार असतील, तर शेवटच्याला सर्वांत जास्त धोका. अनेक गिझर २० मिनिटांनी आपोआप बंद होतात, पण नळ बंद करून पुन्हा उघडला की वेळ नव्याने सुरू होते.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गळला की येतो तो वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो उरत नाही. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हा समज जीवघेणा आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. मग पायातले बळ जाते. धोका लक्षात येईपर्यंत कडी काढण्याची ताकद उरलेली नसते. गरोदर बाई, लहान मुले आणि हृदयरोगी यांना त्रास लवकर होतो.

हे फक्त गिझरचे नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे तितकेच घातक आहे.

काय करायचे?

- गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा. वर पत्र्याचा आडोसा करा आणि गरम पाणी सीपीव्हीसी पाइपने आत घ्या. गिझर कुठल्याही खिडकीखाली नको.
- बाहेर जागाच नसेल, तर जळलेला वायू नळीने घराबाहेर नेणारा गिझर घ्या किंवा विजेचा वापरा.
- बाथरूमला वर आणि खाली अशा दोन कायम उघड्या जाळ्या ठेवा. आडोसा हवा असेल तर तिरप्या पट्ट्यांचे व्हेंटिलेटर बसवा. नजर अडते, हवा येते. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खालची जाळीही लागतेच.
- एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. हवा आत यायला वाट नसेल, तर फॅन काही कामाचा नाही.
- ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद करून मेकॅनिकला दाखवा.
- भाड्याच्या खोलीत बदल करता येत नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मगच आत जाऊन कडी लावा.

कुणी बेशुद्ध सापडले, तर श्वास रोखून दार-खिडकी उघडा, गॅस बंद करा आणि त्या व्यक्तीला लगेच मोकळ्यावर आणा. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर अशा वेळी नॉर्मल आकडा दाखवून फसवतो. उपचार म्हणजे तातडीने शुद्ध ऑक्सिजन. गॅस गळतीसाठी १९०६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

कार्यकर्त्यांसाठी

हे काम निधीवाचूनही सुरू होऊ शकते. रविवारी विहारात जमल्यावर दहा मिनिटे या विषयावर बोला. दोन-दोघांच्या गटाने वस्तीतल्या घरी जा आणि तीन गोष्टी बघा: गिझर कुठे आहे, जाळी उघडी आहे का, पुठ्ठा लावला आहे का. घरकुलाचे बांधकाम चालू असेल, तर मिस्त्रीला आताच सांगा. भिंत उभी राहण्याआधी दोन जाळ्या आणि पाइपसाठी भोक सोडणे सोपे असते. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या आपल्या मुला-मुलींना फोन करून विचारा, की रूमवरचा गिझर कुठे बसवला आहे. डिपॉझिट देण्याआधी पाणी आणि वीज बघतात, तसे हेही बघायला सांगा.

आणि बाथरूममध्ये कुणाचा मृत्यू झालाच, तर नशीब किंवा बाधा म्हणून विषय मिटवू देऊ नका. पोस्टमॉर्टेमचा आग्रह धरा. कारण कळले, तरच शेजारच्या दहा घरांतले गिझर बाहेर येतील.