वजन तेवढेच, मग कमरेचा घेर का वाढला?

काही वर्षांपूर्वी एकाहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सूनबाईंसह माझ्या दवाखान्यात आले. रक्तातील साखर वाढलेली होती, रक्तदाबही. “डॉक्टर, दहा वर्षांत माझं वजन किलोभरही वाढलेलं नाही,” ते काहीशा अभिमानाने म्हणाले. त्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, “पण बाबांच्या सगळ्या पँटी कमरेत सैल करून घ्याव्या लागल्या.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. वयाबरोबर स्नायू झिजतात आणि त्यांची जागा हळूहळू चरबी घेते. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. पोटातील, यकृत व आतड्यांभोवतीची चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. त्यातून मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

आपण भारतीयांनी तर अधिक सावध राहायला हवे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा ‘बीएमआय’ दोघांचाही २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

म्हणून घरात शिंप्याची टेप असू द्यावी. उभे राहून, श्वास सहज सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेर मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतचा घेर ठीक समजला जातो. त्यापुढे तपासणी करून घ्यावी.

माझे काय चुकले?

गुरुजींना मी नेहमीचाच सल्ला दिला : कमी खा, रोज फिरा. तीन भेटी झाल्या, फरक शून्य. चौथ्या भेटीत मी औषधांची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि त्यांचा दिवस कसा जातो ते विचारले. हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडत. झाकून ठेवलेले जेवण एकट्याने गरम करून खाण्याची इच्छा होत नसे. मग टीव्हीसमोर चहा, बिस्किटे, फरसाण. संध्याकाळी फिरायला दोघे मिळून जात, ते थांबले. एकदा फुटपाथवर पाय घसरल्यापासून एकट्याने बाहेर पडायची भीतीही बसली होती. हा खादाडपणा नव्हता, एकटेपणा होता. आणि एकटेपणावर ‘कमी खा’ हे औषध नव्हे.

असेच आजींचेही होते. ‘अन्न वाया जायला नको’ म्हणून उरलेला भात, नातवाने टाकलेली अर्धी पोळी त्याच संपवतात. अशा वेळी त्यांना बोल लावण्यापेक्षा स्वयंपाक मोजका करावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

दिवसातले निदान एक जेवण सोबतीने व्हावे. घट्ट वरण, उसळ, दही, चालत असल्यास अंडे किंवा मासे यांपैकी काही प्रत्येक जेवणात असावे, म्हणजे स्नायू टिकतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आठवड्याला १५० मिनिटे चालणे आणि दोनदा तरी स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, हे उद्दिष्ट झेपेल तसे हळूहळू गाठावे. भक्कम खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे हाही उत्तम व्यायाम आहे. मात्र तोल जात असेल तर जवळ कुणीतरी हवे.

मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असताना मनाने उपवास करू नयेत; साखर एकदम उतरू शकते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटले, तर तो आनंदाचा विषय नव्हे. काही दिवसांतच वजन वाढून पायांवर सूज आली, तर ती चरबी नसून हृदय वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे साठलेले पाणी असू शकते. दोन्ही वेळी त्वरित डॉक्टरांना भेटावे.

गुरुजींच्या घरी फार मोठे बदल झाले नाहीत. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला. शेजारचे आजोबा दुपारी आपला डबा घेऊन त्यांच्याकडे जेवायला येऊ लागले. संध्याकाळी दोघे सोसायटीच्या आवारातच फेऱ्या मारू लागले. इमारतीतील दोन मुले गणित शिकायला येऊ लागली.

आठ महिन्यांनी घेर ९८ वरून ९४ सेंटिमीटरवर आला. औषधे सुटली नाहीत, पण साखर आटोक्यात आली. वजन मात्र जवळजवळ तेवढेच होते. या वेळी त्याबद्दल आम्ही दोघेही समाधानी होतो.