एक विषय, दोन विश्वकोश

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्यानिमित्त आठवीतल्या मुलांना ‘मराठी नाटकाची सुरुवात’ हा प्रकल्प मिळाला आहे असे समजा. संध्याकाळी घरातला मोबाइल हाती येतो, पहिल्यांदा उघडेल त्या पानावरचा मजकूर वहीत उतरतो, दोन चित्रे चिकटवली की प्रकल्प तयार! गुणही मिळतात. मुलाने स्वतः काय शोधले, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरे तर हा विषय आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांचाच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले होते आणि तसे काही मराठीत करावे, असे भाव्यांना सांगितले होते. पुढे १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. ही गोष्ट नीट समजायची, तर मराठीबरोबर कन्नडमध्येही शोधायला हवे.

त्यासाठी लागणारे भांडार आज विनामूल्य उपलब्ध आहे.

मराठी विश्वकोश: १९७६ साली पहिला खंड निघालेला, वाईला तयार झालेला हा कोश आता संकेतस्थळावर वाचता येतो. नोंदीखाली लेखकाचे नावही असते.

भारतवाणी: म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या या संकेतस्थळावर कन्नडसह अनेक भारतीय भाषांतले कोश आणि ग्रंथ आहेत.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय: आयआयटी खरगपूरने उभारलेले हे ग्रंथालय २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. भाषा निवडून शोध घेण्याची सोय येथे आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिके! पण ही सोय सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. शाळा तिच्यात नाहीत. म्हणून शाळेच्या ग्रंथालयाने ही विनामूल्य दालने मुलांना उघडून दाखवणे अधिक गरजेचे आहे.

त्यासाठी फार खर्च नको. संगणक कक्षातला एक संगणक पुस्तकांच्या कपाटाशेजारी आणावा. ग्रंथपालांनी किंवा भाषाशिक्षकांनी आठवड्यातून एक तास मुलांजवळ बसावे. शोधशब्द आधी देवनागरीत लिहावा, मग कन्नड लिपीत. ‘नाटक’ लिहून हजार पाने येतात. ‘विष्णुदास भावे सांगली’ लिहिले की नेमकी हाती लागतात. दोन ठिकाणी साल वेगळे दिसले, तर कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे लिहिले ते पाहावे. वहीच्या शेवटच्या पानावर कोश, नोंद आणि लेखक यांची नावे लिहायची सवय लावावी.

घरच्यांचाही यात वाटा आहे. कन्नड नोंद मुलाला अडली, तर अज्जीसमोर मोठ्याने वाचू द्यावी. ‘भागवत’ कसे गातात, राक्षसाचे सोंग कसे येते, हे तिने लहानपणी यक्षगानात पाहिले असेल. तिने सांगितलेलेही प्रकल्पात तिच्या नावानिशी यावे. आणि पुढच्या पालकसभेत गुणांची चौकशी झाली, की एवढे विचारा : ग्रंथालयातला संगणक मुलांसाठी कोणत्या वारी सुरू असतो?